फ्रुश्का गोरा: मठ, द्राक्षमळे आणि औषधी पाण्याच्या डोंगरात पहिल्यांदा जाताना

सर्बियाला जाणारे आपल्याकडचे बहुतेक पर्यटक बेलग्रेड बघतात, जमलं तर नोवी सादचा पेत्रोवारादिन किल्ला बघतात आणि परत फिरतात. त्या किल्ल्यावरून दक्षिणेकडे पाहिलं की जी हिरवी, लांबलचक रांग दिसते ती फ्रुश्का गोरा. पूर्व-पश्चिम साधारण ८० किलोमीटर लांब, रुंदीला जेमतेम १५, आणि उत्तरेच्या पायथ्याशी डॅन्यूब नदी. सगळ्यात उंच माथा त्स्रवेनी चोत ५३९ मीटरचा. पुणे शहरच समुद्रसपाटीपासून याहून थोडं उंचावर आहे. पण भोवतीचं मैदान इतकं सपाट, की ही बुटकी रांगही लांबून नजरेत भरते.

या एवढ्याशा डोंगरात आजही सोळा ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मठ नांदते आहेत. १९६० साली घोषित झालेलं सर्बियाचं पहिलं राष्ट्रीय उद्यान इथेच आहे. उतारांवर द्राक्षमळे आहेत आणि दोन गावांत औषधी पाण्याचे झरे. बेलग्रेडहून एका दिवसात हे सगळं उरकणाऱ्या सहली मिळतात. माझा सल्ला, त्या घेऊ नका. तीन रात्री काढा, सोळापैकी चारच मठ निवडा आणि ते नीट बघा. घाईने पाहिलेले सोळा मठ दुसऱ्या दिवशी एकमेकांत मिसळून जातात.

पायरी १: हंगाम ठरवा

एप्रिलअखेर ते जून आणि सप्टेंबर ते ऑक्टोबर, हे दोन काळ सर्वांत चांगले. जूनमध्ये लिंडनची झाडं फुलतात. या डोंगरात लिंडनची जंगलं प्रचंड आहेत, आणि फुलोऱ्याच्या दिवसांत रस्त्याने जातानाही तो गोड वास सोबत असतो. इथला मधही मुख्यतः त्याचाच. सप्टेंबरमध्ये द्राक्षांची तोडणी चालते. तेव्हा वाइन बनवणाऱ्या घरांत चैतन्य असतं, पण यजमानांना बोलायला सवड कमी. निवांत गप्पा हव्या असतील तर मे महिना बरा. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचं ऊन कडक असतं, आणि हिवाळ्यात पायवाटांवर चिखल-बर्फ.

चालायची आवड असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. १९७८ पासून दर वसंतात इथे फ्रुश्का गोरा मॅरेथॉन भरते. नाव मॅरेथॉन असलं तरी बहुतेक लोक ती चालतच पूर्ण करतात, आणि लहान मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळ्यांना झेपतील अशी वेगवेगळ्या लांबीची अंतरं तीत असतात. त्या दिवसांत जाणार असाल तर राहण्याची सोय फार आधी करा.

पायरी २: व्हिसा आणि कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर सर्बियात पूर्वी व्हिसाशिवाय जाता यायचं. १ जानेवारी २०२३ पासून ती सवलत बंद झाली. जुने प्रवासलेख वाचून तिकीट काढू नका. तुमच्याकडे शेंगेन, ब्रिटन किंवा अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मात्र सर्बियाचा वेगळा व्हिसा न काढता पर्यटनासाठी जाता येतं, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. निघण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर नियम पुन्हा एकदा तपासा.

सर्बिया युरोपीय संघातही नाही आणि शेंगेनमध्येही नाही. म्हणजे बुडापेस्टहून नोवी सादला येऊन पुन्हा बुडापेस्टला परतायचं असेल, तर शेंगेन व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा हवा. जर्मनी किंवा नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींकडे पाहुणे म्हणून आलेले आई-वडील जोडून सर्बिया करायचं ठरवतात, त्यांनी हे विशेष बघावं.

दुसरा नियम नोंदणीचा. देशात आल्यावर २४ तासांच्या आत परदेशी माणसाच्या मुक्कामाची पोलिसांकडे नोंद व्हावी लागते. हॉटेल किंवा अधिकृत पाहुणेघर हे काम स्वतः करतं. ओळखीच्यांच्या घरी उतरलात तर घरमालकाला आठवण करा.

पायरी ३: पोचायचं कसं, उतरायचं कुठे

मुंबईहून दुबई, दोहा किंवा इस्तंबूलमार्गे बेलग्रेड गाठता येतं. तिथून नोवी सादच्या दिशेने मार्च २०२२ पासून ताशी २०० किलोमीटर वेगाने धावणारी रेल्वे आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये नोवी साद स्थानकाचं बाहेरचं छत कोसळून जीवितहानी झाली. त्यामुळे तुमची गाडी नक्की कुठल्या स्थानकावर थांबणार आहे, नोवी साद की पेत्रोवारादिन, ते तिकीट काढतानाच पाहून घ्या.

मुक्कामासाठी मी दोन जागा सुचवेन. गाडी चालवणार नसाल तर स्रेम्स्की कार्लोव्त्सी. नोवी सादपासून दहा-बारा किलोमीटरवरचं हे छोटं, देखणं गाव. शहर बस इथे येते, वाइनची तळघरं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत आणि डोंगरात शिरणारी पायवाटही जवळून निघते. भाड्याची गाडी घेणार असाल किंवा मुख्य ओढ औषधी पाण्याची असेल, तर डोंगराच्या दक्षिण उतारावरचं व्रद्निक. दोन रात्री एकीकडे आणि एक दुसरीकडे, हेही छान जमतं.

मठांपर्यंत सार्वजनिक वाहतूक तुटपुंजी आहे. एक दिवस टॅक्सी ठरवणं किंवा गाडी भाड्याने घेणं, एवढेच व्यवहार्य मार्ग. गाडी घेणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना सोबत ठेवा आणि उजव्या बाजूने चालवायची सवय आधी मोकळ्या रस्त्यावर करा. रक्तातल्या मद्याची मर्यादा तिथे ०.२ प्रति हजार आहे, म्हणजे जवळपास शून्यच समजा. वाइन चाखायच्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही, हे निघण्याआधीच ठरवून टाका.

पैसे दिनारमध्ये. एका युरोला साधारण ११७ दिनार मिळतात. शहरात कार्ड चालतं, पण मठातल्या मेणबत्त्या, मध आणि गावच्या बेकरीसाठी सुट्टी रोकड खिशात हवी.

पायरी ४: मठ समजून घ्या, मग निवडा

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय हे मठ म्हणजे नुसत्या जुन्या इमारती वाटतील. १४५९ मध्ये सर्बियाची राजधानी स्मेदेरेवो तुर्कांच्या हाती गेली. सत्ता गमावलेलं ब्रांकोविच राजघराणं उत्तरेला हंगेरीच्या राज्यात, या डोंगराच्या आसऱ्याला आलं. पुढे १६९० मध्ये सर्बियन चर्चचा पेच इथला धर्मप्रमुख आर्सेनिये तिसरा याच्या मागोमाग हजारो कुटुंबं दक्षिणेतली घरंदारं सोडून ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राज्यात आली. येताना त्यांनी संतांचे अवशेष, पोथ्या, आयकॉन म्हणजे संतांची पूजेतली चित्रं सोबत आणली. घरदार मागे राहिलं, तेव्हा स्मृती ठेवायला जागा हवी होती आणि ती या मठांनी दिली. म्हणूनच एकाच मठात दोन काळ दिसतात. मधलं चर्च बुटकं, घुमटाचं, दक्षिणेतल्या बायझँटाइन वळणाचं, आणि त्याला चिकटलेला घंटेचा उंच मनोरा मात्र व्हिएन्नाच्या बरोक वळणाचा. हे जोडकाम ओळखायला शिकलात, की प्रत्येक मठ तुमच्याशी बोलू लागेल.

पहिल्या खेपेला मी हे चार सांगेन.

क्रुशेदोल सर्वांत आधी. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बिशप माक्सिम ब्रांकोविच आणि त्याची आई आंगेलिना यांनी तो उभारला. आर्सेनिये तिसरा इथेच पुरला आहे. राजा मिलान ओब्रेनोविच १९०१ मध्ये व्हिएन्नात वारला, त्याची कबरही इथे. सर्बियाचा दोन-तीनशे वर्षांचा इतिहास एका फरशीखाली आहे, म्हटलं तरी चालेल. इथे घाई करू नका. आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावायला दोन-चार मिनिटं लागतात, तोवर एका जागी उभे राहा. मग भिंतींवरची चित्रं हळूहळू उमटू लागतात.

नोवो होपोवो दुसरा. १५७६ चं चर्च, आणि माझ्या मते या डोंगरातली सगळ्यात सुंदर वास्तू. बाहेर उभं राहून घुमटाकडे बघा. त्याच्याभोवती बारीक दगडी खांबांची ओळ आहे आणि उन्हात त्यांच्या सावल्या सरकत राहतात. अठराव्या शतकात दोसितेय ओब्रादोविच नावाचा तरुण इथे संन्यासी झाला, ग्रंथालयात बसून वाचत राहिला, आणि १७६० मध्ये शिक्षणाच्या ओढीने मठ सोडून निघून गेला. पुढे तोच सर्बियाचा पहिला शिक्षणमंत्री झाला. इथून जंगलवाटेने स्तारो होपोवो हा लहान मठ गाठता येतो. ती वाट जरूर चाला.

व्रद्निकचा मठ तिसरा. १३८९ च्या तुर्कांविरुद्धच्या कोसोवोच्या लढाईत मारल्या गेलेल्या राजा लाझारचे अवशेष सतराव्या शतकाच्या अखेरीपासून १९४२ पर्यंत इथे होते. २८ जूनला, विदोव्दानच्या म्हणजे त्या लढाईच्या स्मरणाच्या दिवशी, इथे मोठी गर्दी लोटते. सणाचं वातावरण अनुभवायचं असेल तर तो दिवस गाठा, शांतता हवी असेल तर टाळा.

चौथा वेलिका रेमेता, त्याच्या उंच मनोऱ्यासाठी. ग्रगेतेग मठ जवळच आहे. तिथे गाभाऱ्यापुढच्या लाकडी भिंतीवरची चित्रं उरोश प्रेदिच या नामांकित चित्रकाराची आहेत. पाय शिल्लक असतील तर तोही बघा.

दुसऱ्या महायुद्धात यातल्या बहुतेक मठांची लूट आणि मोडतोड झाली. काही पार ढासळले आणि नंतर पुन्हा बांधले गेले. त्यामुळे एखादी भिंत फारच नवी दिसली तर नाक मुरडू नका. ती कुणीतरी जिद्दीने परत उभी केलेली असते.

पायरी ५: मठात वागायचं कसं

ही प्रेक्षणीय स्थळं नंतर, आधी कुणाची तरी राहती घरं आहेत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बायकांनी एक ओढणी जवळ ठेवावी आणि डोक्यावर घ्यावी. सलवार-कमीज उत्तम चालतो. पुरुषांनी टोपी काढायची. चपला काढायची गरज नाही. आपला हात सवयीने तिकडे जातो खरा, पण इथे तशी रीत नाही. आत फोटो काढायला बहुतेक ठिकाणी मनाई असते, तेव्हा आधी विचारा. गाभाऱ्यापुढची चित्रांची भिंत ओलांडून आत जायचं नाही. प्रार्थना चालू असेल तर मागे, भिंतीलगत उभं राहावं. संन्याशाला ‘ओचे’ आणि संन्यासिनीला ‘माती’ म्हणून हाक मारली की चेहरा खुलतो.

मेणबत्ती लावायची इच्छा झाली तर अवश्य लावा, परधर्मीयाला कुणी अडवत नाही. दाराशी बारीक, पिवळसर, मधाच्या मेणाचा वास येणाऱ्या काड्यांसारख्या मेणबत्त्या ठेवलेल्या असतात. तुम्ही पैसे पेटीत टाकायचे आणि हव्या तेवढ्या घ्यायच्या. लावायची जागा दोन मजली असते. वरचा कप्पा जिवंत माणसांसाठी, खालचा गेलेल्यांसाठी. वाळूत मेणबत्ती टोचण्याआधी कप्पा नीट बघून घ्या. घरच्या धडधाकट माणसासाठी लावलेली मेणबत्ती खाली गेली तर शेजारची आजी ती हळूच उचलून वर लावेल, पण आधीच माहीत असलेलं बरं.

पायरी ६: कार्लोव्त्सी आणि वाइन

या गावासाठी पूर्ण दिवस ठेवा. चौकात १७९९ चं चार सिंहांचं कारंजं आहे. त्याचं पाणी प्यायलं की माणूस लग्न करून इथेच स्थायिक होतो, अशी गावात बोलवा आहे. बाजूला धर्मप्रमुखांचा वाडा, आणि १७९१ मध्ये सुरू झालेली सर्बियातली सर्वांत जुनी माध्यमिक शाळा. थोडं वर चढलं की चार दारांचं गोल चॅपेल. १६९९ मध्ये ऑस्ट्रिया, पोलंड, व्हेनिस आणि तुर्कांचं ऑटोमन साम्राज्य यांच्यात इथे कार्लोवित्सचा तह झाला. कुणाचा मान कमी ठरू नये म्हणून प्रत्येक पक्षाला आत यायला स्वतंत्र दार आणि बसायला गोल टेबल होतं, असं सांगतात.

आता वाइन. या उतारांवर वेली लावण्याचं श्रेय रोमन सम्राट प्रोबसला देतात. त्याचा जन्म इथून जवळच सिर्मियममध्ये, आजच्या स्रेम्स्का मित्रोवित्सात, झाला आणि २८२ मध्ये तिथेच त्याच्या सैनिकांनी त्याला मारलं. त्याच्या नावाची काळी द्राक्षंही आहेत. काडार्का आणि कॅबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षांच्या संकरातून ‘प्रोबस’ हे वाण कार्लोव्त्सीतच तयार झालं.

कुटुंबाच्या तळघरात जायचं तर एक-दोन दिवस आधी फोन किंवा निरोप करा, न सांगता दार ठोठावू नका. चाखण्याचा क्रम असा ठेवा: सुरुवात ग्राशेविनाने, ही इथली रोजची हलकी पांढरी. मग ऱ्हाइन रीस्लिंग, मग सुगंधी त्रामिनात्स. त्यानंतर लाल: फ्रांकोव्का किंवा प्रोबस. बेर्मेत ही गोड वाइन अगदी शेवटी. क्रम उलटा केलात तर बेर्मेतच्या गोडव्यानंतर बाकीच्या वाइन पाणचट लागतील.

यजमानाने पिंपातली वाइन दाखवायला काढली तर हाताकडे लक्ष द्या. काचेची लांब नळी पिंपात बुडवतात, तोंडाने ओढून वाइन तिच्या फुग्यात वर घेतात, वरचं तोंड अंगठ्याने दाबून धरतात आणि अंगठा जरासा उचलत पेल्यात बरोबर घोटभर सोडतात. एक थेंब बाहेर जात नाही. तिला ‘नातेगा’ म्हणतात. पेला उचलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघून ‘झिवेली’ म्हणायचं. सगळं प्यायलाच हवं असं नाही. ओतून टाकायला भांडं ठेवलेलं असतं आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही.

बेर्मेत ही कार्लोव्त्सीची खास चीज. वनस्पती आणि मसाले मुरवलेली गोड, कडसर वाइन. प्रत्येक घराची कृती वेगळी आणि ती बाहेर सांगत नाहीत. न पिणाऱ्यांसाठी गावात झिवानोविच कुटुंबाचं मधमाशीपालनाचं संग्रहालय आहे, आणि कुग्लोफ नावाचा कडं केल्यासारखा गोल केक. तो कुठल्याही कॉफीघरात मिळेल.

संध्याकाळी स्त्राझिलोवोला जा. टेकडीवर कवी ब्रांको रादिचेविच याची समाधी आहे. तो १८५३ मध्ये, तिशी गाठण्याआधीच व्हिएन्नात क्षयाने गेला. इथे पुरावं ही त्याची इच्छा १८८३ मध्ये पूर्ण झाली.

पायरी ७: औषधी पाणी

व्रद्निकला कोळशाची खाण होती. खोदताना गरम पाणी लागलं, खाणीला ते डोकेदुखी झालं आणि गावाला मात्र वरदान. खाण १९६८ मध्ये बंद पडली, पाणी राहिलं. ते उकळतं नाही, साधारण ३२ अंशांचं, अंगाला सुखद वाटेल असं आहे. हॉटेलांच्या तलावांत बाहेरच्यांना दिवसाचं तिकीट मिळतं. शनिवार-रविवारी नोवी साद आणि बेलग्रेडची कुटुंबं येतात, म्हणून मधला वार गाठा. पोहण्याचा रीतसर पोशाख लागतो, टी-शर्ट घालून उतरू देत नाहीत. वीस मिनिटं पाण्यात, मग बाहेर विश्रांती, पाणी पिणं, मग पुन्हा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून जावं, आणि वाइन चाखून आल्यावर कुणीच पाण्यात उतरू नये.

डोंगराच्या पूर्व टोकाला स्तारी स्लांकामेन आहे. तिथलं पाणी खारं, आणि तिथे पुनर्वसनाचं रुग्णालय चालतं, हौशी पर्यटकांसाठी फारसं काही नाही. पण समोर टिसा नदी डॅन्यूबला मिळते, तो संगम पाहायला वाट वाकडी करावी.

पायरी ८: जंगलात चालताना

पायवाटांवर झाडांच्या खोडांवर लाल वर्तुळात पांढरा ठिपका रंगवलेला असतो. तो दिसेनासा झाला तर मागच्या खुणेपर्यंत परत या. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. इथला खरा धोका गोचिडींचा. वसंत आणि उन्हाळ्यात लांब पँट, मोज्यांत खोचलेली, आणि परतल्यावर काखा, गुडघ्यामागे, कानामागे नीट तपासणी. चिकटलेली दिसली तर तेल-मेण काही लावत बसू नका. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, आणि पुढच्या दिवसांत तिथे लाल चकती पसरू लागली तर डॉक्टर गाठा.

पायरी ९: शाकाहारींनी जेवायचं काय

सर्बियाचं जेवण मांसप्रधान आहे, हे खरं. पण एक शब्द तुमची सोय करेल: ‘पोस्नो’, म्हणजे उपवासाचं. ऑर्थोडॉक्स लोक बुधवारी, शुक्रवारी आणि सणांआधी काही आठवडे मांस, दूध, अंडी खात नाहीत, त्यामुळे असं जेवण काय असतं हे स्वयंपाकघराला नीट ठाऊक असतं. फक्त त्यात मासे चालतात, म्हणून ‘पोस्नो, बेझ रिबे’ असं मासे नको म्हणून स्पष्ट सांगा. प्रेब्रानात्स म्हणजे कांद्यात भट्टीवर शिजवलेला पांढरा घेवडा, भाजलेल्या लाल मिरच्यांचं आयवार आणि गरम पोगाचा पाव, एवढ्यात पोट छान भरतं. पासुळ नावाचा घेवड्याचा रस्सा मात्र विचारून घ्या, त्यात बहुधा धुरावलेलं मांस असतं. दूध चालत असेल तर बेकरीतली चीज घातलेली गिबानित्सा सकाळसाठी उत्तम.

परतताना

भारतात उतरताना प्रत्येक प्रौढ माणसाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे बेर्मेतच्या दोन बाटल्या आरामात बसतात. त्या आणि लिंडनचा मध कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेतच भरा. मध हा सुरक्षा तपासणीत द्रव पदार्थ धरतात, हातातल्या पिशवीत ठेवलात तर बेलग्रेडलाच काढून घेतील.